पाटीची शिकार

क्रीटच्या डोंगरात मेंढ्यांच्या भांडणावरून स्त्रातिसच्या भावाने वार्दिसचा मुलगा मारला, तेव्हापासून वार्दिस बंदूक घेऊन घाटातल्या वळणावर बसत असे. भाऊ तुरुंगात सुरक्षित होता, त्यामुळे पाळी स्त्रातिसची होती. पण परक्या पाहुण्यासमोर रक्त सांडायचं नाही, ही तिथली रीत. म्हणून स्त्रातिस परदेशी सायकलस्वारांचा वाटाड्या झाला आणि कायम त्यांच्या घोळक्याच्या मधोमध राहू लागला.

त्या दिवशीही वार्दिसने पाहुण्यांना द्राक्षं वाटली आणि स्त्रातिसच्या कानाशी हळूच म्हणाला, "खा लेका, तूही खा. पाहुणे काय, आज आहेत उद्या नाहीत."

"या रस्त्यावरच्या पाट्यांना इतकी भोकं कशी?" जर्मनीच्या गुडरुनबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे येता-जाता पाट्यांवर नेम धरतात," स्त्रातिस म्हणाला. "पाटीची शिकार!" सगळे खो खो हसले.

वळण ओलांडून उतार लागला आणि स्त्रातिसच्या चाकात काटा घुसला. "थांबा! मला सोडून जाऊ नका!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

"आठवडाभर आमच्यासाठी हळू चालवलीस, आज पकडून दाखव!" गुडरुनबाई ओरडल्या आणि सगळे सुसाट सुटले.

खालच्या गावात त्यांनी त्याचीही कॉफी मागवली, तेवढ्यात वरून दोन बार ऐकू आले.

 

"मेली बिचारी पाटी!" गुडरुनबाई हसल्या, आणि निवू नये म्हणून त्यांनी त्याच्या कॉफीवर बशी झाकली.