सुताराचा काळा कोट
शाळेच्या कार्यक्रमात आमच्या ईश्वरीला दीडशे वर्षांपूर्वीचा एक माणूस व्हायचं होतं: जर्मनीहून मजूर म्हणून अमेरिकेत गेलेला, तिथे वकील झालेला आणि शेवटी निवडणूक जिंकलेला. वकील म्हटल्यावर ह्यांनी बॅगेच्या तळातून स्वतःचा काळा कोट काढला. हे पुण्याचे एलएलबी. पण दुबईत अल क्वोजच्या गोदामात कागदपत्रं बघतात आणि व्हिसावर आहेत सुतार, कारण कंपनीकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. नोकरी बदलायची तर मालकाची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र लागतं, आणि ते काही मिळत नाही. कोटाच्या बाह्या दुमडता दुमडता ह्यांनी लेकीची उलटतपासणी सुरू केली. “मजुराचा वकील झालाच कसा? व्हिसा कुणी बदलून दिला? जुन्या मालकानं एनओसी दिली? नाही दिली तर सहा महिने बॅन लागतो!” “बाबा, इट्स जस्ट हिस्ट्री!” “हिस्ट्री असली म्हणून काय झालं, कागद लागतातच!” मी म्हटलं, “अहो, ती तिसरीत आहे, लेबर ऑफिसात नाही.” कार्यक्रमात ईश्वरी कोटात पार बुडाली होती, पण भाषण तिनं न अडखळता केलं. तिच्या अमेरिकन बाईंनी कौतुकानं त्या कोटातल्या वकिलालाच विचारलं, “सर, व्हॉट वॉज द हार्डेस्ट थिंग इन युअर लाइफ?” ईश्वरीनं आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग ठणकावून सांगितलं, “एनओसी, मिस.” बाईंना काही कळेना. मागे बसलेले सगळे बाप मात्र उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. आमचे सुतार तेवढे बसून राहिले, माझ्या पदराला डोळे पुसत.