डोळे मिटा

चारच्या एसटीनं देवचंद येणार होता, बहिणीला धुळ्याला न्यायला. प्रमिलाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. आठ दिवसांसाठी जातेय, असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. आज त्यानं हात धरला नाही तर ती परत येणार नव्हती, हे मात्र तिचं तिलाच ठाऊक.

सुकदेव खाटेवर भिंतीला उजवा खांदा टेकून बसला होता. डाळमिलला सुट्टी. सासू नशिराबादला बहिणीकडे गेलेली. अशी दुपार वर्षातून एखादी मिळते.

सव्वा वर्षापूर्वी त्यांचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आणताना रिक्षात सुकदेव तिला म्हणाला होता, “तुना जीव ठिकानावर येवू दे. तू आपन व्हईसन हात लावशी, तव्हयच. तवलग मी काही बोलाव नई.” हमाल माणूस, पण बोलला कसं शहाण्यासारखं! त्या बोलण्यावर तिनं बरेच महिने काढले.

मग पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तिनं हात लावला. एकदा नाही, कितीदा तरी. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या, कारण पत्र्याच्या भिंतीपलीकडे कुंदाबाई, आणि तिच्या कानांना झोप ठाऊक नाही. मग दोन बोटं त्याच्या डाव्या हातावरून हलकेच फिरवायची. तो आढ्याकडे बघत पडलेला असे. ना हूं, ना चूं. बाईनं आणखी काय करायचं हो? तोंडानं सांगायचं?

दुसरी कोणी असेल, हेही तिनं मनात आणून पाहिलं. पण मिल सुटली की हा सरळ घरी. म्हणजे आपणच मनातून उतरलो, दुसरं काय. पोर न देणारी बाई.

तिनं चहा केला. पेला इतका तापला होता की तिनं पदरानं धरून पुढं केला. सुकदेवनं तो डाव्या हातात घेतला आणि निवांत धरून बसला. पोती वाहून राठ झालेला हात. तिला त्या हाताची माया आली.

“परवा मिलमा मजा व्हयनी म्हने,” तो म्हणाला. “सरकारी दवाखानाना मानूस येल व्हता, महारोग तपासाले. डोया मिटा म्हने, आनि अंगवर पीस फिरावे. जठे लागनं तठे बोट ठेवानं. चिंधाले इतल्या गुदगुल्या व्हयन्यात, पोतावरथीन खाले पडना तो.”

“आनि तुम्हाले?”

“मी रावेरले गाडीसंगे गयथू. मना नंबर चुकना.”

तो हसला. कित्येक महिन्यांत असा हसला नव्हता. प्रमिलाला एकदम काहीतरी सुचलं आणि ती स्वतःच लाजली.

“मंग आते तुम्ही मिटा बरं डोया. मी हात लावस. कठे लागनं ते सांगा.”

सुकदेव तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पेला खाली ठेवला, डोळे मिटले आणि डावा हात गुडघ्यावर पसरला.

तिनं सवयीनं बांगड्या वर सारल्या. मनगटापासून कोपरापर्यंत बोटं नेली, तुरीच्या धुळीनं आला असं तो म्हणे, त्या फिकट चट्ट्यावरून. पुन्हा खाली आणली. करंगळीपाशी थांबली आणि बोट तिथंच ठेवलं. त्यानं नुसती मूठ मिटली असती, तरी तिनं पिशवीतली लुगडी परत पेटीत ठेवली असती.

तो हलला नाही. चेहऱ्यावर रेघसुद्धा नाही.

झालं. तिनं हात काढून घेतला. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. तिनं पदरानं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि शेवटचं म्हणून मागं वळून पाहिलं.

सुकदेव अजून तसाच बसला होता. डोळे घट्ट मिटलेले, आणि ओठांवर आता हसू फुटत होतं.

“डोया मिट्यात ना मी,” तो हळूच म्हणाला. “कव्हयनी वाट देखी राह्यनू. लाव ना हात.”