प्रेमदासचा कान

प्रेमदासनं पुन्हा तळहात वर केला आणि त्याच्या लेकीनं, निलमनं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. जमिनीत बसवलेले रोलर घरघरत मंदावले. गाडी कुठंच गेली नव्हती. पट्ट्यांनी जखडलेली ती जागच्या जागी ताशी दीडशेनं पळून आली होती. निलमचं काळीज मात्र अजून पळतच होतं.

"हाय अजून," बा म्हणाला.

हे तिसऱ्यांदा.

पहिल्या वेळचं तिला मान्य होतं. इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर गेलं आणि इंजिनवरच्या सेन्सरला जोडलेल्या हेडफोनमध्ये पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा आवाज आला. नॉक. आतलं पेट्रोल वेळेआधी भडकून पिस्टनवर घाव घालतं, तो आवाज. तिनं दचकून ओठ आवळले आणि त्याच क्षणी समोर बाचा हात वर झाला. गाडीचा मालक नचिकेत. त्यानं टर्बोचा दाब वाढवून घेतला होता आणि हिंगोलीहून येताना रस्त्यावर बाटलीतलं पेट्रोल भरलं होतं. हे दुसरं त्यानं बरंच विचारल्यावर सांगितलं. टाकी उपसली, चांगलं पेट्रोल भरलं, प्लग बदलले, ठिणगी तीन अंश उशिरा केली.

दुसऱ्या वेळी हेडफोन स्वच्छ. लॅपटॉपवरची नॉक दाखवणारी रेघ गाढ झोपलेली. आणि बाचा हात वर.

तिथून निलम घाबरली. शिरड शहापूरच्या अलीकडं, हळदीच्या जुन्या गोदामातल्या या गॅरेजात लोक परभणी-नांदेडहून यायचे ते बाच्या कानासाठी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला, नजर समोर. दोन मिनिटांत निदान. चार वर्षांपूर्वी ती पुण्याहून शिकून आली, लॅपटॉप आणि जुने रोलर घेऊन. तेव्हापासून तिच्या आणि बाच्या कानात एकदाही फरक पडला नव्हता. तिला आवाज आला की बाचा हात वर, तिला नाही आला की बाची मान होकारात. तांड्यावरचे लोक म्हणायचे, बापलेकीला कान एकच. याचा तिला फार अभिमान होता.

आज तो एकच कान फुटला होता. एकतर ती बहिरी झाली होती, नाहीतर यंत्र. बा चुकला असेल, हे तिच्या मनाला शिवलंही नाही.

तिनं इंजिनवरचा सेन्सर काढून परत घट्ट बसवला. पान्यानं इंजिनवर टकटक करून पाहिली, तर लॅपटॉपवरची रेघ टुणकन उठली. यंत्र बराबर होतं. सैल पत्रा, सैल नट, सगळं चाचपलं. टर्बोचा दाब कमी केला. तिसऱ्यांदा गाडी पळवली, तर चार हजारही व्हायच्या आत बाचा हात वर, आणि या वेळी घाईनं.

"काका, कान जरा सर्व्हिसिंगला टाका," खुर्चीतून नचिकेत म्हणाला. रविवारी त्याची शर्यत होती. बानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

निलमला शर्यतीची पर्वा नव्हती. गेल्या महिन्यात तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. अशीच रोलरवर बांधलेली गाडी, असाच नॉक, आणि आतला दांडा तुटून इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला होता. तिथं समोर कोणी उभं नव्हतं. इथं होतं. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, आणि उघड्या इंजिनावर साठ वर्षांचा बा ओणवा. लांब उभा राहा, असं तिनं तीनदा विनवलं. लांबून काय समजन, म्हणून त्यानं तीनदा उडवून लावलं.

चौथ्यांदा बसताना तिचे डोळे भरून आले. नचिकेतनं पाहू नये म्हणून तिनं ओढणी स्कूटीवर बांधते तशी कपाळापासून हनुवटीपर्यंत गच्च गुंडाळली, त्यावर गॉगल चढवला, त्यावर हेडफोन. पंख्यानं हळदीची धूळ उडून राहिली, असं तिनं कोणी न विचारताच सांगितलं. मग पाय दाबला.

तीन हजार. चार. साडेचार. बाचा हात वर येईना. पाच. हात अर्ध्यावर उठला, घुटमळला, खाली गेला. बा मान डावीकडं करून पाही, उजवीकडं करून पाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवरून कधीच घसरलं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. सहा हजार. साडेसहा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बाला घाबरलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तिनं इंजिन बंद केलं. हेडफोनमध्ये अखेरपर्यंत काही वाजलं नव्हतं, रेघ अखेरपर्यंत हलली नव्हती. नचिकेत टाळ्या वाजवत उठला.

बा तिच्या खिडकीशी आला.

"काढ ते फडकं."

काहून, असं तिनं आतून विचारलं. तो नुसता ओढणीकडं बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तरी तसाच. मग त्यानंच तिचा गॉगल उतरवला, दोन बोटांनी ओढणी हनुवटीखाली ओढली, आणि तिच्या ओल्या, भेदरलेल्या तोंडाकडं कितीतरी वेळ पाहिलं.

"चार वर्षं झाली," नचिकेतला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला. "तुझं तोंड दिसल्याबिगर मला ऐकू येत न्हाई, माय."