मुरलेलं पाणी

उज्वलाच्या पत्राला मनोहररावांनी उत्तर दिलंच नव्हतं. फोनवर बाबा नुसतं हं हं करतात, म्हणून लेकीने रत्नागिरीहून मुद्दाम लिहिलं होतं, "बाबा, आईला घेऊन या. तिला एकदा समुद्र पाहायचा आहे." आपल्याला जमेल का, या विचारातच दिवस गेले आणि वच्छलाने अंथरूण धरलं.

मग त्यांनी पिपरी मेघेतल्या घरातच समुद्र करायला घेतला. भंगारातून काचपेटी आणली, समुद्री मीठ मागवलं, पुस्तकात पाहून पाणी कालवलं, खडक मांडले.

"अवो, मासोया कवा सोडता?" वच्छला पलंगावरून विचारायची.

"पाणी मुरू दे. घाई केली तं मरतीन त्या."

"लोनचं हाय काय ते मुराले!" ती हसायची.

पाणी मुरलं, तेव्हा पलंग रिकामा होता.

उज्वलाला फोन वच्छलाच्या भावानेच, कैलासने केला. अंगणातल्या कडुनिंबाला अस्थी बांधून तो म्हणाला, "भाऊजी, उद्या पवनारले जाऊ. नदी जवळ हाय."

मनोहरराव आत गेले. त्यांनी पोस्टकार्ड काढलं, एकच ओळ लिहिली आणि चालत जाऊन टपालपेटीत टाकलं.

"उज्वला, आईला घेऊन येतो."