गरम की गार

इन्फ्रारेड दिव्याचा शेक देण्याआधी पेशंटच्या पायाला गरम-गार कळतं का, हे सृष्टी तपासून घ्यायची. कळत नसेल, तर पाय भाजला तरी माणसाला पत्ता लागत नाही. गोठ्याच्या पत्र्यावरून पडलेले नानासो काल या तपासणीत नापास झाले होते, म्हणून मिरजेपर्यंत येऊनही त्यांना शेक मिळाला नव्हता.

आज मात्र डोळे मिटून त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. सृष्टी गरम किंवा गार पाणी भरलेली काचेची नळी पावलाला लावून "काय लागतंय?" विचारायची आणि उत्तर लगेच यायचं.

"फौजेत बी एवढी परीक्षा न्हवती, पोरी," नानासो हसले.

खूश होऊन सृष्टीने खात्रीसाठी पुन्हा गरम नळी उचलली. ती पायाला लागायच्या आधीच उशाशी उभ्या रंगुबाईंनी नवऱ्याचा खांदा हळूच दाबला.

"मावशी, जरा बाहेर बसता?"

"लावा की वं ताई दिवा," रंगुबाई पुटपुटल्या. "त्येवढ्यानं तरी पाय हलतील." आणि पदर सावरत त्या बाहेर गेल्या.

सृष्टीने नळी नानासोंच्या पावलावर टेकवली. या वेळी तिने काहीच विचारलं नाही, नुसती वाट पाहिली. अर्धं मिनिट गेलं. पावलाची कातडी लालसर झाली, तशी तिने नळी काढून घेतली.

नानासोंनी डोळे अजून घट्ट मिटलेलेच होते.

"लाव की पोरी," ते म्हणाले, "थांबलीस का?"