आतल्या खोलीचं दार

“नंबर चौदा,” कोर्टाच्या बेलिफनं वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “आतल्या खोलीचं दार. कडीसकट.”

तिचा नवरा, म्हणजे घटस्फोटाच्या कागदावर आता तिचा कोणीही नसलेला माणूस, खो-खो हसला. सकाळपासून कोर्टाच्या हुकमानं तिचं सामान घरातून निघत होतं. कपाट गेलं, शिलाई मशीन गेलं, वॉशिंग मशीन गेलं. हमाल टेम्पोत एकेक वस्तू चढवत होते आणि हा खिडकीत निवांत चहा पीत उभा.

“दार? मग उंबरठा कशाला सोडलास? तोही लिहून आणायचा!”

वकिलानंसुद्धा तिला वेड्यात काढलं होतं. पण दार तिच्या वडिलांनी बसवून दिलेलं, पावती होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती सुजलेलं तोंड घेऊन माहेरी गेली, तेव्हा वडिलांनी तिला ठेवून घेतलं नाही. चार दिवसांनी सुतार पाठवला आणि हे दोन इंच जाडीचं भरीव दार बसवून दिलं. त्यानंतर अकरा वर्षं या घरात तिच्या बाजूनं कोणी उभं राहिलं असेल, तर हे दार. त्याच्यावर लाथांचे डाग होते. कडी तीनदा बदललेली. तिला ते हवं होतं, बस्स.

तिनं आणलेला सुतार खाली बसला आणि खालच्या बिजागरीचे स्क्रू काढू लागला. मग मधलीचे.

नवऱ्याची नवी बायको फ्रिजला टेकून उभी होती. लग्नाला सहा महिनेही झाले नसतील. इतकं सामान डोळ्यांदेखत गेलं, तिनं ढुंकून पाहिलं नाही. आता मात्र ती कडीवरून नजर हलवत नव्हती. ही, पहिली बायकोसुद्धा, पूर्वी नेमकी तिथेच उभी राहायची. तिथून दार चार पावलांवर होतं.



“अहो,” नवी बायको हळूच त्याला म्हणाली, “दार तेवढं राहू द्यायला सांगा ना त्यांना. बदल्यात दुसरं काहीतरी देऊ.”

त्यानं कप खिडकीत ठेवला. “तुला कशाला हवंय गं दार?” अगदी मऊ आवाजात विचारलं. तो आवाज दोघींच्याही ओळखीचा होता.

पहिल्याच थपडेत नवी फ्रिजवर आपटली, दुसऱ्या थपडेत खाली. “अहो साहेब, मी कोर्टाचा माणूस आहे!” म्हणत बेलिफ मध्ये पडला. सुताराची हातोडी जमिनीवर होती. ती नवऱ्यानं उचलली आणि बेलिफच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सुतारानं ओरडत जिना गाठला, त्याच्यामागे हात पोटाशी धरून बेलिफ.

हिनं नवीला दंडाला धरून ओढलं. चार पावलं. दार लोटलं, कडी घातली, आणि मग तिच्या लक्षात आलं की दार फक्त वरच्या बिजागरीवर लटकतंय.

“कडीपाशी नको! इकडे, बिजागरीकडे पाठ लाव!”

हातोडीचा पहिला घाव दोघींच्या पाठीत घुमला.

“मी उगाच बोलले, ताई. माझंच चुकलं.”

“गप. पाय पलंगाला रेट. जोरात!”

तो बाहेरून दोघींची नावं घेऊन शिव्या घालत होता. एका घावाला ढलपी उडाली आणि नवीच्या कानामागून रक्त आलं. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू निम्मा बाहेर आला. हिनं डोळे मिटले, तळपाय पलंगाच्या लाकडात रुतवले आणि दातओठ खाऊन मागे रेटत राहिली. मग जिन्यावर धावपळ ऐकू आली, आरडाओरडा झाला, काहीतरी जड कोसळलं. हमालांनी त्याला पालथा पाडला होता. पोलीस येईपर्यंत तिघं त्याच्या पाठीवर बसून राहिले आणि नंतर त्याला नेणाऱ्या पोलिसांच्या गाडीतूनच जबाब द्यायला गेले.

सुतारासोबत वर परतलेल्या बेलिफचं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. गडी दवाखान्यात जायला तयार नव्हता. रुमाल गुंडाळून डाव्या हातानं लिहीत होता. “बाई, दाराचं काय करायचं?”

नवीनं कडी घट्ट धरली. “ताई, पाया पडते तुमच्या. हे राहू द्या. उद्यापरवा सुटून येईलच तो.”

हिनं दाराकडे पाहिलं. लाथांच्या जुन्या डागांच्या वर हातोडीचे ताजे खड्डे पडले होते. तिला वडील आठवले. सुताराला सोबत घेऊन आलेले, कडी स्वतः दोनदा लावून बघणारे, जाताना समाधानानं हसलेले. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांचा राग आला.

“हे होतं म्हणून मी अकरा वर्षं राहिले,” ती म्हणाली. मग सुताराकडे वळली. “काढ.”

वरची बिजागरी सुटली. सुतार हत्यारं गोळा करेपर्यंतही तिला धीर निघेना. तिनं दाराचं एक टोक उचललं आणि दुसरं फरशीवरून खरडत ओढायला लागली. मागे वळून पाहिलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ओझं एकदम हलकं झालं.

“अहो, तुम्ही कुठे निघालात?” बेलिफ कागद घेऊन मागून धावला. “यादीत फक्त दार आहे!”

दाराच्या मागच्या टोकाला नवीची नुसती अनवाणी पावलं वाजत राहिली.

“चपला राहिल्या तुझ्या,” ही पुढून म्हणाली.

“राहू देत.”