मिल्हाची वाट

नुवैर विहिरीवर पोहरा ओढत होती. बाकीच्या उंटांना बाजूला सारत एक काळी सांडणी पुढं आली आणि तिनं दगडी डोणीत तोंड घातलं.

"अगं हो, तुझ्या एकटीचीच का विहीर?" म्हणत नुवैरनं तिला ढकलायला हात लावला. हात तिथंच राहिला. सांडणीच्या मानेवर नुवैरच्या सासरची डागून उमटवलेली खूण होती, आणि डावा कान फाटलेला होता.

पोहरा दोरासकट विहिरीत पडला.

"मुनीफ! अरे मुनीफ, मिल्हा आली रे!"

मिल्हा ही सत्तामची सांडणी. नुवैरचा नवरा तिच्यावर बसून गेला, त्याला कितीतरी उन्हाळे लोटले होते. तो परतला नाही, सांडणीही परतली नाही.

त्या साली पूर्वेकडच्या टोळीनं नुवैरच्या भावाला चराईच्या भांडणात मारलं होतं. सत्ताम शांत माणूस. समेट करू म्हणत होता. तेव्हा सगळ्या तळासमोर नुवैर त्याला म्हणाली होती, "माझा भाऊ मातीत गेला आणि तू चुलीपाशी बसून कॉफी ढवळतोयस? घे, माझी ओढणी डोक्यावर घे. बदला घेतल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

सत्तामनं पेला उपडा ठेवला आणि मिल्हावर खोगीर चढवलं.

मुनीफ हा त्याचा एकुलता एक भाऊ, धाकटा. तोच शोधायला गेला आणि फक्त एक फाटका अंगरखा घेऊन आला. अंगरख्यावर रक्त वाळलं होतं. "बाकी काही उरलं नाही, वहिनी," एवढंच तो बोलला.

त्यानंतर नुवैरचा आवाज कुणी चढलेला ऐकला नाही. मागण्या आल्या, तिनं नाही म्हटलं. "एकाला जिभेनं मारलं, आता दुसऱ्याला मारू?" म्हणाली. तिचा तंबू मुनीफनं आपल्या तंबूला लागूनच ठेवला. दूध काढलं की पहिलं भांडं तिच्याकडं जायचं. असा दीर नशिबानंच मिळतो, असं बायका म्हणायच्या.

मुनीफ धावत आला. मिल्हाला बघून त्याचा चेहरा उतरला.

"परवाच्या वादळात भरकटली असणार," नुवैर म्हणाली. "कास बघ, तटतटलीय. हिचं पिल्लू आहे कुठंतरी."

पाणी पिऊन झाल्यावर मिल्हा पूर्वेकडं मान करून ओरडायला लागली.

"पाय बांधू तिचे," मुनीफ कमरेचा दोर सोडत म्हणाला. "चार दिवसांत विसरेल."

"आई पिल्लाला विसरते होय रे? नको बांधूस. तिला जाऊ दे. मी जाते तिच्या मागनं."

"वेड लागलंय का वहिनी? ती त्याच लोकांकडं जाणार. त्यांच्या दारात जाऊन मागायचं काय?"

"हाडं. दुसरं काय मागणार? कुठं पुरलंय तेवढं दाखवा म्हणेन. उशाला दोन दगड ठेवीन, माफी मागीन आणि येईन परत."

"मेलेल्याची माफी मागून काय होतं?"

"तू नव्हतास तसं बोलला त्याला. मी बोलले."

मुनीफनं दोर परत कमरेला गुंडाळला. मग म्हणाला, "एकटीला कसं सोडू? येतो मी."

वाटेत तो सारखा खोळंबत होता. कधी खोगीर सैल झालं म्हणाला, कधी पुढचं पाणी खारट आहे म्हणाला. एकदा तर मिल्हाला हाकून दुसऱ्याच दिशेला वळवायला निघाला. ती फिरून आपल्या वाटेला लागली.

नुवैर चालता चालता बोलत होती. "वेलची जास्त घालायचा तो कॉफीत. मी त्यावरनंसुद्धा टोचायचे. कधी उलटून बोलला नाही बघ."

"बास करा ना, वहिनी," मुनीफ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. भावासाठी त्याचाही जीव इतका तुटतो, हे इतक्या वर्षांत आपल्याला दिसलंच नाही, असं तिला वाटलं. तिनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एका खोलगट जागी काळे तंबू दिसले. एक पिल्लू ओरडत आलं आणि मिल्हाच्या कासेला लागलं.

"मी इथंच थांबतो," मुनीफ म्हणाला आणि त्यानं तोंडावर फडकं ओढून घेतलं.

नुवैरच्या जिभेवर पूर्वीसारखं काहीतरी टोचरं आलं होतं. ते तिनं गिळलं आणि एकटीच पुढं गेली.

कणकेचे हात तसेच घेऊन एक बाई तंबूतून बाहेर आली. "अगं भटकभवाने, कुठं उलथली होतीस?" असं सांडणीला म्हणाली आणि मग नुवैर दिसल्यावर सावरली. "या, या. बसा. दूध आणते."

"बसायला नाही आले, बाई. भांडायलाही नाही. सांडणी तुमच्याकडंच राहू दे. फार पूर्वी हिच्यावर बसून एक माणूस इकडं आला होता. माझा नवरा. त्याला कुणी मारलं, मी विचारणार नाही. माझ्याच बोलण्यानं तो इकडं आला, त्यामुळं त्याचं रक्त माझ्याच माथी आहे. त्याला कुठं पुरलंत, तेवढी जागा दाखवा."

बाई तिच्याकडं बघतच राहिली. "हिच्यावर बसून? पुरलं?"

तेवढ्यात तंबूच्या मागनं एक लहान पोर पळत आली. दोघींच्या मधनं घुसून ती थेट मागं थांबलेल्या मुनीफकडं गेली आणि त्याच्या गुडघ्यांना तिनं मिठी मारली.

"काका! या खेपेला मला काय आणलं?" मग तंबूकडं वळून ती ओरडली, "बाबा, बाहेर या! मुनीफकाका आले!"

पडदा सरला. बाहेर आलेल्या माणसाची दाढी पांढरी झाली होती. त्यानं नुवैरकडं पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"मुनीफ," सत्ताम म्हणाला, "मी मेलो असं सांगितलं होतंस ना हिला?"